साथीचे रोग आणि स्त्रियांचे हक्क

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

साथीचा रोग माणसामाणसांत भेद करीत नाहीं, असें आपण पुष्कळदां ऐकतों. रोगाचे जंतु दारावरची पाटी वाचून घरांत शिरत नाहींत हें खरेंच आहे. परंतु साथ म्हणजे केवळ जंतु नव्हेत. आजाऱ्याच्या उशाशीं बसून सेवा कोणी करावयाची, डॉक्टरकडे आधीं कोणाला न्यावयाचें, घरांत अन्न थोडें असेल तर शेवटीं पानावर कोण बसणार, आणि घरचा कर्ता गेला तर त्याची जमीन कोणाच्या नांवें चढणार, हे प्रश्नही साथीबरोबरच घरांत येतात. त्यांचीं उत्तरें जंतु देत नाहींत, तीं आपण देतों. महाराष्ट्रानें सव्वाशें वर्षांत तीन मोठ्या साथी पाहिल्या. पहिली १८९६ ची प्लेगची, दुसरी १९१८ ची इन्फ्लुएंझाची आणि तिसरी २०२० ची कोरोनाची. या तिन्ही वेळीं वरील प्रश्नांचीं उत्तरें आपण कशीं दिलीं, हें आज सांगावयाचें आहे.

प्लेगपासून आरंभ करतों. मुंबईंत मांडवी भागांत सप्टेंबर १८९६ मध्यें डॉ. व्हिएगस यांनीं हा रोग ओळखला. पांच महिन्यांच्या आंत, ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं, सरकारनें साथीच्या रोगांचा कायदा केला. कायदा लहानसा, अवघ्या चार कलमांचा. साथ हटविण्यासाठीं लागतील ते नियम करण्याची सरकारला मुभा, ते मोडणाऱ्याला दंडविधानाच्या १८८ व्या कलमाखालीं शिक्षा, आणि सद्‌बुद्धीनें केलेल्या कृत्याबद्दल अधिकाऱ्यावर दावा चालणार नाहीं, असें त्याचें सार होतें. अधिकाऱ्याला काय करतां येईल हें त्यांत होतें. रोग्याचा कोणता हक्क शाबूत राहील याविषयीं एक अक्षरही नव्हतें.

आतां या रोगाचें एक लक्षण ध्यानांत घेतलें पाहिजे. प्लेगची गांठ येते ती काखेंत, जांघेंत किंवा मानेवर. तेव्हां तपासणी म्हणजे या जागा चांचपून पाहणें. रेल्वेच्या स्थानकांवर उतारूंची अशी तपासणी होऊं लागली, आणि पुण्यांत १३ मार्च १८९७ पासून गोऱ्या सोल्जरांच्या तुकड्या घरोघर शिरूं लागल्या. प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड हे होते. पुरुषाला ही तपासणी म्हणजे एक त्रास होता. परक्या पुरुषानें, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत केलेली तपासणी स्त्रीला मात्र जन्मभर पुरणारी विटंबना होती. नियम दोघांना एकच होता. एकाच नियमानें दोघांच्या वांट्याला निरनिराळें दुःख कसें येतें, याचें याहून उघड उदाहरण मला ठाऊक नाहीं.

या प्रकाराविरुद्ध ओरड झाली. वर्तमानपत्रांनीं लिहिलें, अर्ज गेले. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनीं रँड यांच्यावर गोळी झाडली, हें शाळेच्या पुस्तकांत असल्यामुळें सर्वांना माहीत आहे. पण ती ओरड बारकाईनें पाहिली तर असें दिसतें कीं, बोलणारे बहुतेक सारे पुरुष होते आणि ते घराण्याच्या अब्रूविषयीं बोलत होते. प्रत्यक्ष त्या स्त्रीला तपासणीच नको होती, कीं ती स्त्री-डॉक्टरकडून व्हावी असें वाटत होतें. इस्पितळच नको होतें, कीं तेथें निर्भयपणें राहतां यावें एवढीच तिची मागणी होती, हें तिला फारसें कोणी विचारलें नाहीं.

त्या गलबल्यांत एका स्त्रीचा आवाज मात्र स्पष्ट ऐकूं येतो. तो पंडिता रमाबाईंचा. मे १८९७ मध्यें त्यांनीं 'बॉम्बे गार्डियन' पत्रांत लिहून पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळांत स्त्रियांची व्यवस्था कशी आहे हें चव्हाट्यावर मांडलें. त्यांच्या आश्रयाची एक मुलगी तेथें नेण्यांत आली होती व तिच्या बाबतींत फार वाईट घडलें, अशी त्यांची तक्रार होती. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारनें ती निराधार ठरविली. त्याच सुमारास गोपाळ कृष्ण गोखले विलायतेंत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारें त्यांनीं स्त्रियांवरील अत्याचारांची हकीकत तेथील वर्तमानपत्रांत सांगितली. परंतु परत आल्यावर पुरावा देण्यास कोणी पुढें येईना, तेव्हां त्यांना जाहीर माफी मागावी लागली. पुरावा मिळाला नाहीं म्हणजे कांहीं घडलेंच नाहीं, असा अर्थ काढणारे तेव्हांही होते. मला तसें वाटत नाहीं. जिच्यावर अत्याचार झाला तिला स्वतःच्याच घराचें दार पुन्हां उघडेल याची खात्री नसे. अशा समाजांत साक्षीच्या पिंजऱ्यांत कोण उभें राहणार होतें?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मार्च १८९८ मध्यें मुंबईंत मोठा दंगा उसळला. त्याचें निमित्त असें कीं, एका मुसलमान विणकऱ्यानें आपली बारा वर्षांची आजारी मुलगी पुरुष डॉक्टरला दाखविण्याचें नाकारलें. हा प्रसंग सांगणारे बापाविषयीं सांगतात, पोलिसांविषयीं सांगतात, जमावाविषयीं सांगतात. त्या मुलीला औषध मिळालें कीं नाहीं, हें मात्र कोणी सांगत नाहीं. एका बाजूला सरकारचा हुकूम, दुसऱ्या बाजूला घराची अब्रू. या दोहोंच्या मध्यें उपचार मिळण्याचा तिचा स्वतःचा हक्क होता आणि तो कोणाच्याच ध्यानांत नव्हता. मुंबईंत केवळ स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं कामा इस्पितळ १८८६ पासून चालू होतें, म्हणजे अशी व्यवस्था कोणाला सुचण्यासारखी नव्हती असें नाहीं. तपासणीचा नियम करण्यापूर्वीं स्त्री-डॉक्टर किती लागतील याचा हिशेब करावयास हवा होता. तो नंतर, बोभाटा झाल्यावर, सुरू झाला.

याच साथींत, १० मार्च १८९७ रोजीं, सावित्रीबाई फुले वारल्या. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनीं हडपसरजवळ रोग्यांसाठीं दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाईंनीं तेथें आणलें आणि त्यांतच त्यांना प्लेग जडला. सावित्रीबाईंनीं ती सेवा आपण होऊन पत्करली होती. पण सेवा ही निवड नसून वहिवाट असते तेव्हां काय होतें, हें पुढें एकवीस वर्षांनीं दिसलें.

जून १९१८ मध्यें इन्फ्लुएंझा मुंबई बंदरांत उतरला. पहिली लाट सौम्य होती, सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दुसरी भयंकर. ६ ऑक्टोबर या एका दिवशीं मुंबई शहरांत ७६८ मृत्यु नोंदले गेले. सबंध हिंदुस्थानांत किती माणसें दगावलीं याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. त्या वर्षीं पाऊसही गेला होता आणि धान्य महागलें होतें. अमेरिकेसारख्या देशांत या तापानें पुरुष अधिक मेले. हिंदुस्थानांत उलट झालें. येथें स्त्रिया, विशेषतः वीस ते चाळीस वयाच्या, पुरुषांहून अधिक संख्येनें गेल्या. आजाऱ्यांच्या सेवेचा भार स्त्रियांवर पडतो आणि स्वतःला ताप असतांही तो त्यांना टाकतां येत नाहीं, असें कारण खुद्द सरकारच्या आरोग्याधिकाऱ्यांनींच त्या वेळीं दिलें.

हें कारण नीट समजून घेण्यासारखें आहे. या तापांत मरण येई तें बहुधा पाठोपाठ होणाऱ्या न्यूमोनियानें. त्यावर खात्रीचें औषध तेव्हां नव्हतें. तेव्हां अंथरुणावर पडून राहणें, ऊब आणि वेळेवर पेज हीच मुख्य चिकित्सा होती. ही चिकित्सा विनामूल्य होती, तरी सर्वांना मिळण्यासारखी नव्हती. जिनें चूल पेटविली नाहीं तर घरांत कोणी जेवत नाहीं, तिला अंथरुण कोठून मिळणार? ती तापांतच उठे, विहिरीवरून पाणी आणी, चार आजाऱ्यांना पेज पाजी आणि उरलें तर स्वतः घेई. तिच्या मरणाला जंतु जितके कारण होते तितकीच घरांतील कामाची वांटणी. १९११ च्या शिरगणतींत हिंदुस्थानांत हजार पुरुषांमागें ९६४ स्त्रिया होत्या. १९२१ मध्यें ९५५ राहिल्या. ही सगळी घट इन्फ्लुएंझाची नव्हे, कारण १९०१ पासूनच हा आंकडा उतरत होता. पण या उतरत्या आंकड्यांत त्या तापाचा वांटा होता, हें शिरगणतीच्या अधिकाऱ्यांनींही मानलें आहे.

यानंतर तीस वर्षांनीं, १० डिसेंबर १९४८ रोजीं, पॅरिस येथें राष्ट्रसंघटनेनें मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या पहिल्या कलमांत सर्व मानव जन्मतः स्वतंत्र व समान आहेत असें म्हटलें आहे. मूळ मसुद्यांत 'मानव' या जागीं जो इंग्रजी शब्द होता त्याचा अर्थ 'पुरुष' असाही होतो. तो बदलून घेण्याचें श्रेय आपल्या घटनासमितीच्या एक सभासद हंसा मेहता यांच्याकडे जातें. एका शब्दानें काय होतें, असें कोणी म्हणेल. मी चाळीस वर्षें मुलांचे निबंध तपासले आहेत. एका शब्दानें पुष्कळ होतें. पुढें नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार झाला व १९७९ मध्यें भारत त्यांत सामील झाला. राष्ट्रावर आणीबाणीचा प्रसंग आला तर कांहीं हक्क तात्पुरते आंखडतां येतील, परंतु असें करतांना केवळ स्त्री म्हणून किंवा पुरुष म्हणून भेद करतां येणार नाहीं, असें त्याच्या चौथ्या कलमांत स्पष्ट लिहिलें आहे. आपल्या राज्यघटनेचीं १४, १५ व २१ हीं कलमें तर आहेतच. १८९७ च्या कायद्यांत जें अक्षर नव्हतें तें आतां लिहिलें गेलें होतें.

आणि मग २०२० सालीं कोरोना आला. महाराष्ट्र सरकारनें १३ मार्चच्या मध्यरात्रीपासून मुंबई-पुण्यांत साथीचा कायदा लागू केला, तो तोच १८९७ चा. पुण्यांत घरझडत्या सुरू झाल्याची तारीखही १३ मार्चच. हा योगायोग, पण मनाला चाटून गेला. २५ मार्चपासून सबंध देशांत टाळेबंदी झाली. घरीं राहा, सुरक्षित राहा, असा उपदेश रात्रंदिवस कानीं पडूं लागला. ज्या घरांत मारहाण होते त्या घरच्या बाईला या उपदेशाचा अर्थ काय लागला असेल? राष्ट्रीय महिला आयोगाकडे २७ फेब्रुवारी ते २२ मार्च या पंचवीस दिवसांत कौटुंबिक हिंसाचाराच्या १२३ तक्रारी आल्या होत्या. २३ मार्च ते १६ एप्रिल या पुढच्या पंचवीस दिवसांत २३९ आल्या. एवढ्या मोठ्या देशांत हे आंकडे लहान वाटतील. पण तक्रार करण्यास एकान्त लागतो, आणि मारणारा चोवीस तास घरांतच असतां तो कोठून मिळावा? पूर्वीं अशी बाई एस.टी.नें माहेर गांठी, आतां एस.टी.च बंद होती. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या १७ व्या कलमानें बाईला त्या घरांत राहण्याचा हक्क आहे, आणि १९ व्या कलमान्वयें मॅजिस्ट्रेट पुरुषालाच बाहेर राहण्याचा हुकूम करूं शकतो. म्हणजे घर सोडावयाचें तें तिनें नव्हे, त्यानें. हें कलम आमच्या गांवांत किती जणांना ठाऊक होतें, असें विचाराल तर मलाही तें टाळेबंदीनंतरच कळलें.

गांवोगांव फिरून आजाऱ्यांची नोंद ठेवली ती आशा सेविकांनीं. आशा ही योजना २००५ पासूनची. पण कागदोपत्रीं त्या नोकर नव्हेत, 'स्वयंसेविका'. नोकर नाहीं म्हणून पगार नाहीं. मोबदला व मानधन. जून २०२१ मध्यें महाराष्ट्रांतील आशांनीं संप केला, तेव्हां मानधनांत हजार रुपयांची वाढ मिळाली. पुढच्या वर्षीं, मे २०२२ मध्यें, जागतिक आरोग्य संघटनेनें भारतांतील आशांचा गौरव केला. गौरव योग्यच होता. तथापि, दुसऱ्यांच्या आजारपणांत स्त्रीनें राबावें तें पुण्य, आणि त्याचा दाम मागावा तो लोभ, ही १९१८ ची समजूत सरकारी दप्तरांतही टिकून आहे, असें मला म्हणावयाचें आहे.

आतां ज्या दोन गोष्टी मीं जवळून पाहिल्या त्या सांगतों. शाळा बंद झाल्यावर मीं गल्लींतल्या मुलांचा अभ्यास मोबाइलवरून घेऊं लागलों. आरंभीं सात मुलगे आणि आठ मुली होत्या. दिवाळीपर्यंत मुलगे सहा राहिले आणि मुली दोन. मीं वहींत सरळ 'गैरहजर' असें लिहीत गेलों. घरांत फोन एक, तो दिवसां बापाजवळ आणि संध्याकाळीं भावाजवळ, हें मला एका मुलीनें वाटेंत भेटल्यावर सांगितलें तेव्हां कळलें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया शेंकडा ३३ आणि पुरुष शेंकडा ५७ आढळले. मे २०२१ मध्यें अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना लस खुली झाली, तेव्हां आरंभीं नोंदणी केवळ इंटरनेटवरून होती. ज्याच्या हातीं फोन त्याच्या दंडांत सुई, असा प्रकार झाला. महिन्याच्या अखेरीस सरकारी केंद्रांवर थेट जाण्याची सोय करण्यांत आली, पण तोंवर 'बायकांनीं त्या चार दिवसांत लस घेऊं नये' अशी एक खोटीच आवई उठलेली होती.

त्या आठांपैकीं एकीचें उन्हाळ्यांत लग्न झालें. लग्नाला पंचवीस माणसांचीच परवानगी होती, त्यामुळें खर्च वांचतो म्हणून बापानें घाई केली. मुलीचें वय मला ठाऊक होतें. तिचें नांव पहिलींत दाखल करतांना जन्मतारीख मींच माझ्या अक्षरांत लिहिली होती. अठराला सव्वादोन वर्षें कमी होतीं. २००६ च्या कायद्यानें आपल्याकडे खेड्यांत बालविवाह रोखण्याचें काम ग्रामसेवकाकडे आहे आणि १०९८ या क्रमांकावर कोणालाही कळवितां येतें. मीं कळविलें नाहीं. पंचवीस माणसांत माझी गणना झाली याचाच मला मान वाटला, आणि मी अक्षता टाकून आलों. बालविवाहाचे नोंदलेले गुन्हे देशांत २०१९ मध्यें ५२३ होते, ते २०२० मध्यें ७८५ झाले. जे नोंदले गेले नाहींत त्यांत एक माझ्या हिशेबीं आहे.

दुसरी गोष्ट एका विधवेची. एप्रिल २०२१ मध्यें तिचा नवरा वारला. खाजगी दवाखान्याच्या बिलापायीं मंगळसूत्र गहाण पडलें होतें आणि दीर सांगत होता कीं, कर्ज मी फेडतों, तूं एका कागदावर सही कर. तो कागद घेऊन ती माझ्याकडे वाचून घेण्यास आली. तें हक्कसोडपत्र होतें.

या बाबतींत कायदा अगदीं सरळ आहे. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें मृत्युपत्र न करतां वारलेल्या पुरुषाच्या वांट्याची मिळकत प्रथम त्याची विधवा, मुलगे, मुली आणि आई यांना सारख्या हिश्शानें जाते. हे असतांना भावाला त्यांतलें कांहीं मिळत नाहीं. हक्क सोडून द्यावयाचा तर तो नोंदलेल्या दस्तानेंच सोडतां येतो. म्हणून दुय्यम निबंधकाच्या कचेरींत कोणी घेऊन जाऊं लागला तर आधीं 'कशाला' असें विचारावें. वारसाची नोंद तलाठ्याकडे मृत्यूपासून तीन महिन्यांत द्यावयाची असते. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाहीं. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या हुकुमानें कोरोनानें मेलेल्याच्या वारसास पन्नास हजार रुपये मिळूं लागले. दाखल्यावर 'कोरोना' हा शब्द नाहीं एवढ्यावरून अर्ज फेटाळतां येत नव्हता. तपासणीचा निकाल आणि तीस दिवसांच्या आंत झालेला मृत्यु पुरेसा होता. महाराष्ट्र सरकारनें ऑगस्ट २०२१ मध्यें अशा स्त्रियांसाठीं 'मिशन वात्सल्य' नांवानें तालुकावार समित्या नेमल्या. आणि ४ मे २०२२ रोजीं कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें, नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडण्याची व कुंकू पुसण्याची चाल बंद करण्याचा ठराव केला. इतर गांवांनींही तसें करावें असें सरकारनें त्याच महिन्यांत पत्रक काढलें. बांगडीचा आणि सात-बाराचा संबंध काय, असें कोणी विचारील. ज्या बाईला तेराव्यापर्यंत अशुभ म्हणून कोपऱ्यांत बसविलें, ती चौदाव्या दिवशीं तलाठ्याच्या कचेरींत कोणत्या तोंडानें जाणार?

आमच्या या बाईनें सही केली नाहीं. दिरानें दोन महिने बोलणें टाकलें. सासू मात्र, मला वाटलें नव्हतें तरी, सुनेच्या बाजूनें राहिली, कारण हिस्सा तिचाही होता. मीं अर्ज लिहिला. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, मुलांचे जन्माचे दाखले जोडले. नोटीस निघाली, दिरानें हरकत घेतली, ती सुनावणींत टिकली नाहीं, आणि फेरफार मंजूर झाला. त्या दिवशीं ती सात-बाराचा उतारा घेऊन आली. चौथीपर्यंत शिकलेली, तरी बोट ठेवून एकेक अक्षर वाचूं लागली. स्वतःचें नांव वाचलें, सासूचें वाचलें, दोन्ही मुलांचीं वाचलीं, आणि मुलांच्या नांवांपुढें ती थांबली.

"गुरुजी, हें अ. पा. क. म्हणजे काय?"

"अज्ञान पालनकर्ता," मीं सांगितलें. "मुलें सज्ञान होईपर्यंत त्यांच्या वतीनें जमीन पाहणारा."

"आणि त्याच्यापुढें?"

"त्याच्यापुढें 'आई' असें लिहिलें आहे."